गुबूने बाळसे धरले

फेब्रुवारी महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आर्वीच्या एसटी आगारामागच्या वस्तीत राहणाऱ्या रिंकू नावाच्या दोन वर्षांच्या मुलीचे वजन आठ किलो नऊशे ग्रॅम भरले. जानेवारीतही ते तेवढेच होते आणि डिसेंबरातही. वरिष्ठ कार्यालयांना स्थैर्य आवडते, पण ते मुलांच्या वजनात चालत नाही. अंगणवाडीच्या मोबाइलमधल्या ‘बाळसे’ नावाच्या ॲपने रिंकूचे कार्ड लाल केले, आणि रिंकूच्या आईने, मयुरीने, तिला पुन्हा एकदा काट्यावर ठेवून पाहिले.

मयुरी नागपुरात शिल्पकला शिकली होती. मूल झाल्यापासून त्या शिक्षणाचा उपयोग भाताचे ससे करण्यापुरता उरला होता. रिंकू सशांकडे पाहून टाळ्या वाजवी आणि त्यांना एकेक करून ताटाबाहेर सोडून देई. सासूबाई तानाबाई हे रोज पाहत आणि म्हणत, “लेकराले जेवू घालून राह्यली का सर्कस दाखवून राह्यली?”

खाण्याची चिंता एकवेळ दिसून येते. मयुरीची खरी चिंता श्वासाची होती. रिंकू दुपारी झोपली की मयुरी दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाखाली बोट धरी. श्वास लागला की बोट काढी, आणि आपल्याला खरंच लागला की नुसता वाटला, या शंकेने पुन्हा धरी. तिचा नवरा प्रफुल्ल आगारात मेकॅनिक होता. तो एकदा म्हणाला, “अवं, तू बोट धरून बसली त तिले हवा कुठून मिळन?” हे ऐकल्यावर मयुरीला आपल्या बोटाचीही चिंता वाटू लागली.

त्या बोटातूनच कलाकृती निघाली. नुसता श्वास घेणारे, मऊ, कोणालाही त्रास न देणारे एक जनावर करायचे, आणि ते पलंगाच्या पलीकडूनही फुगताना-बसताना दिसले पाहिजे, म्हणजे पाहणाऱ्याच्या जिवाला थंडावा. वर्ध्याच्या एका कलासंस्थेने ‘मृदू यंत्रे’ या विषयावर प्रदर्शन जाहीर केले होते; निवड जुलैत होणार होती. मयुरीने रीतसर अर्ज केला.

आधी मातीत आकार केला. भोपळ्याला मांजर व्हावेसे वाटले आणि अर्ध्यात त्याचा विचार बदलला, तर जसे दिसेल तसे ते दिसत होते. त्यावरून प्लास्टरचा दोन भागांचा साचा झाला. सिलिकॉनचे दोन डबे कुरिअरने आले. ते एकमेकांत कालवायला तानाबाईंचे पुरणाचे उलथणे घेतले गेले. ते पुढे स्वयंपाकघरात परत आले नाही. पहिली कातडी बुडबुड्यांनी भरली. दुसरी साच्याला अशी चिकटली की साचाच फोडावा लागला. नव्या साच्यातून तिसरी मात्र अंगावरचा दुपट्टा काढावा तशी अलगद सुटली. म्हणून कलाकृतीचे नाव ‘श्वास क्रमांक तीन’.

आत सायकलच्या ट्यूबचे पाच कप्पे बसवले. जिथे फुगायला नको तिथे आतून तानाबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा चिकटवला. लुगडे ताणत नाही, म्हणून हवा बाहेरच्या बाजूला जोर करते आणि छाती वर येते. हवेसाठी मासे पाळणाऱ्यांकडचा पंप आणला. पोटात आर्वीचाच कापूस भरला आणि जनावर कलंडू नये म्हणून खाली वाळूची पुरचुंडी. हवा सोडण्याची जबाबदारी प्रफुल्लने घेतली, कारण बसचे ब्रेक हवेवरच चालतात आणि हवेचे त्याला कळते.

“फुस्सकन सोडली त गाडी थांबल्यावानी आवाज होईन,” तो म्हणाला. “हळू सोडायची. म्हतारा माणूस खुर्चीत बसते तशी.” त्याने पाठीवरच्या नळीच्या तोंडाशी एक बारीक चकती बसवली, आणि जनावर खरोखरच खुर्चीत बसणाऱ्या म्हाताऱ्यासारखा श्वास सोडू लागले. समोर हवेसाठी दोन भोके आणि त्याखाली शिवणीची एक रेघ, एवढाच त्याचा चेहरा.

रिंकूने त्याला मिठी मारली आणि नाव ठेवले, गुबू.

तानाबाईंनी विचारले, “याले काही खाऊ-पिऊ घाला लागते का?”

“नाही, आई.”

“मंग राहू दे. एकीच्याच मांगं ताट घेऊन धावता धावता जीव जाऊन राह्यला.”

मार्चच्या पहिल्या मंगळवारी अंगणवाडी सेविका अनुसयाबाई काटा आणि मोबाइल घेऊन घरी आल्या. ‘बाळसे’ ॲपचा नियम साधा होता. लाभार्थ्याला काट्यावर ठेवावे, त्याचा चेहरा मोबाइलसमोर धरावा, लाभार्थ्याने हलू नये, रडू नये, डोळे मिटू नयेत. हा नियम ज्याने केला त्याला मूल नसावे, किंवा असले तर ते दुसऱ्या गावी राहत असावे. रिंकू काट्यावरून तीनदा उतरली, एकदा काटा घेऊन उतरली. चेहऱ्याची जुळणी एकसष्ट टक्क्यांच्या वर जाईना. पाच वाजता नोंद बंद होणार होती, आणि एकही नोंद राहिली की सेविकेला कारणे दाखवा नोटीस येत असे.

पाचला दहा मिनिटे असताना अनुसयाबाईंची नजर गुबूकडे गेली. श्वास घेण्यापलीकडे गुबू हलत नव्हता, रडत नव्हता आणि त्याला पापण्याच नव्हत्या.

“मयुरीताई, हे तुमचं जे काय आहे ते, जराकसं द्या बरं मले.”

“ते कशाला?”

“एक डाव नोंद होऊन जाऊ द्या. रिंकूचं खरं वजन पुढच्या मैन्यात टाकू. कोण पाहून राह्यलं?”

मयुरी नाही म्हणू शकली असती. पण त्याच दिवशी सकाळी नळावर कोणीतरी तिला ‘ते लाल कार्डवाल्या घरची’ म्हणाले होते, आणि तानाबाई तेव्हापासून बोलत नव्हत्या. शिवाय मयुरी रंगांच्या बाबतीत शिकलेली होती. लालपेक्षा हिरवा डोळ्यांना किती बरा असतो हे तिला माहीत होते. तिने गुबूला उचलून काट्यावर ठेवले.

अकरा किलो सहाशे ग्रॅम. चेहऱ्याची जुळणी शहाण्णव टक्के. मोबाइलवर फुलांचा पाऊस पडला आणि अक्षरे उमटली: ‘अभिनंदन! बाळाने बाळसे धरले.’

त्या संध्याकाळी तानाबाई कारण नसताना गल्लीतून दोनदा चालून आल्या.

एका महिन्यात दोन किलो सातशे ग्रॅम वाढ ही गोष्ट लपून राहणारी नव्हती. पंधरा दिवसांनी पर्यवेक्षिका मोहिनी मॅडम स्वतः आल्या. वरून ‘यशोगाथा’ मागवल्या होत्या. प्रत्येक बीटमधून, म्हणजे पर्यवेक्षिकेच्या हद्दीतून, एक, चारशे शब्द, आई आणि बाळाच्या फोटोसह. मॅडमनी खुर्चीवर बसून फॉर्म काढला आणि मग समोर पाहिले. समोर गुबू श्वास घेत होता.

“हे बाळ?”

“नाही मॅडम. हे मी तयार केलंय.”

“सगळ्याच आयांना तसं वाटतं.”

मयुरीने सगळे कबूल केले. सिलिकॉन, ट्यूब, लुगडे, वाळू. कडेवरची रिंकू पुढे करून दाखवली. मोहिनी मॅडमनी रिंकूकडे पाहिले, गुबूकडे पाहिले, आणि मग ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्या मोबाइलकडे पाहिले.

“नोंद काढता येईल,” त्या शांतपणे म्हणाल्या. “ॲपमध्ये नोंद काढण्याची दोनच कारणं आहेत. मृत्यू किंवा स्थलांतर. कोणतं टाकू?”

मयुरीचे बोट आपोआप रिंकूच्या नाकाखाली गेले.

“चुकून झालं, असं नाही टाकता येत?”

“चुकून असं ॲपमध्ये काही होत नाही. मृत्यू टाकला तर चौकशी लागेल. स्थलांतर टाकलं तर तुम्हाला जावं लागेल.”

“कुठे?”

“ते तुम्ही बघा. तळेगावला कोणी आहे का तुमचं?”

“मग माझ्या मुलीची नवीन नोंद करा ना.”

“त्याच आईला, त्याच तारखेला, त्याच नावाची दुसरी मुलगी? जुळं दाखवायचं तर जन्माचा दाखला जुळ्याचा लागेल. तुमच्या दाखल्यावर एकच आहे.” मॅडमनी पेनाचे टोपण लावले. “काळजी करू नका. मुलीला कोणी घराबाहेर काढत नाहीये. ती राहू द्या ना. फक्त नोंदीवरच्या बाळाचं वजन दर महिन्याला दोनशे ग्रॅम वाढलं पाहिजे. हिरव्यातून खाली आलं की माझ्या बीटला उत्तर द्यावं लागतं.”

जाताना त्यांनी गुबूच्या गालाला हात लावून पाहिला. “आणि कान करून घ्या याला. फोटोत बरं दिसत नाही.”

एप्रिलमध्ये गुबूला कान आले आणि पोटात दोनशे ग्रॅम वाळू गेली. मे महिन्यात नाक आले, पुन्हा दोनशे ग्रॅम. जूनमध्ये मॅडमनी स्वतः तीट लावली. अ जीवनसत्त्वाचा डोस शिवणीतून पाजावा लागला, कारण डोस पाजतानाचा फोटो हवा होता. त्यानंतर पंप दोन दिवस चिकट चालला. पोषण आहाराच्या पाकिटाची खीर करून लाभार्थी ती खात असल्याचाही फोटो हवा होता. तानाबाईंनी चमचा धरला. दर श्वासाला शिवण थोडी उघडे, आणि खीर आत जाताना फार छान दिसे. खायला घालताना कोणी पळत नाही, थुंकत नाही, ताट उपडे करत नाही, याचे तानाबाईंना इतके अप्रूप वाटले की फोटो निघाल्यावरही त्या भरवत राहिल्या.

“पाह्य बरं रिंकू, गुबू कसा गपचूप खाते. नाई त तू.”

रिंकूने पाहिले. तिने आपली वाटी गुबूसमोर ठेवली आणि खेळायला निघून गेली.

मयुरीला हे वाक्य मुळीच आवडले नाही. तिने पुस्तकात वाचले होते, की मुलांची तुलना करू नये. चार दिवसांनी सकाळी नऊपासून अकरापर्यंत एका पोळीच्या मागे धावल्यावर, कपाळावर पीठ आणि डोळ्यांत पाणी अशा अवस्थेत, तिने स्वतःच्या कानांनी स्वतःचा आवाज ऐकला: “बघ, गुबू बघ कसा शहाण्यासारखा बसलाय.”

जुलैत वर्ध्याहून प्रदर्शनाच्या निवड समितीचे गृहस्थ आले. अंगात जाड खादीचा झब्बा, गळ्यात मातीचे मणी, आणि पायांत इतक्या साध्या चपला की त्या मुद्दाम शोधून आणल्या असाव्यात. त्यांनी गुबूभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या.

“अर्जासोबतच्या फोटोत कान नव्हते.”

“वरच्या सूचनेवरून बसवले.”

“आणि हा काळा ठिपका?”

“पर्यवेक्षिकांनी लावलाय. दृष्ट लागू नये म्हणून.”

गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. “व्यवस्थेचा देहावरचा हस्तक्षेप. विषय मोठा आहे. पण ताई, हे गोंडस झालंय. गोंडस झालं की कला मरते. पाहणारा अस्वस्थ व्हायला हवा.”

“मी फार अस्वस्थ आहे हो.”

“तुम्ही निर्मात्या. तुमचं धरत नाहीत.”

तसेही गुबूला तालुक्याबाहेर नेता आले नसते. नेले असते तर ते स्थलांतर झाले असते.

ऑगस्टमध्ये रिंकूला ताप आला. ताप औषधाने उतरला, पण त्याने जाताना तिचे उरलेसुरले खाणे सोबत नेले. मयुरीने तिला किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले. आठ किलो चारशे. हाताची नस दिसू लागली होती. चौकातल्या खासगी डॉक्टरने सांगितले की हिला घरी ठेवू नका, सरकारी दवाखान्याच्या पोषण कक्षात दाखल करा. तिथे दोन आठवडे आहार, औषध, देखरेख सगळे मिळते.

पोषण कक्षात सहा खाटा होत्या आणि पाच रिकाम्या होत्या. डॉक्टरांनी रिंकूचा क्रमांक मोबाइलमध्ये टाकला.

“दाखल करता येणार नाही. इथे फक्त लाल कार्ड. तुमचं बाळ हिरव्या पट्ट्यात आहे.”

“डॉक्टर, माझं बाळ इथे आहे. माझ्या कडेवर.”

“मी पट्ट्याचं बोलतोय.”

“तुम्ही एकदा काट्यावर ठेवून बघा.”

“या महिन्याची नोंद झालीय. बारा किलो सहाशे. आता पुन्हा ठेवलं तर काटा चुकीचा ठरेल.” डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी रिंकूच्या गालावर टिचकी मारली. “नाजूक चण आहे. हरकत नाही. वजन तर छान आहे.”

मयुरी घरी आली आणि गुबूसमोर बसली. गुबू चार सेकंद श्वास घेई आणि चार सेकंद सोडी. तिने तो आपल्या जिवाला थंडावा म्हणून केला होता. आता रिंकूची खाट, रिंकूची खीर, रिंकूचा डोस आणि रिंकूचे नाव घेऊन तो तिथे बसला होता, आणि त्याचा काही दोष नव्हता. त्याला पुढे कोणी केले, हे तिला पुरते ठाऊक होते.

सप्टेंबरात बालसप्ताह होता. तालुक्यात एकही लाल कार्ड उरले नाही असे जाहीर करायला जिल्ह्याहून साहेब येणार होते, आणि त्याच सोहळ्यात सुदृढ बालक स्पर्धा होती. गुबूचे नाव पहिल्या क्रमांकासाठी आधीच टाईप झाले होते. मयुरीने ठरवले, तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्याची हवा काढायची. मग तरी पाहतील.

“अवं, पण तिथं हजार लोक राह्यतीन,” प्रफुल्ल म्हणाला.

“म्हणून तर. तुमची ती चकती काढून ठेवा.”

मंगल कार्यालय भरले होते. बावन्न मुले एकाच वेळी रडत होती. गुबू जरीचे झबले घालून स्टेजवरच्या काट्यात बसला होता. तालुक्यात अशी स्पर्धा कधी झाली नव्हती असे परीक्षकांचे मत पडले. शांतपणा, दहापैकी दहा. तेज, दहापैकी दहा. सिलिकॉन पुसल्यावर चमकते. बारा किलो आठशे ग्रॅमची नोंद घ्यायला अनुसयाबाई मोबाइल धरून उभ्या होत्या.

मयुरी रिंकूला घेऊन स्टेजवर चढली आणि माईकपाशी गेली. तिने बोलायचे पाठ केले होते, पण तोंडातून एवढेच निघाले, “साहेब, हे बाळ नाही. बाळ हे आहे.”

“आईचा विनय,” साहेब माईकमध्ये म्हणाले. टाळ्या पडल्या.

मग मयुरीने गुबूच्या पाठीची नळी ओढली.

चकती नव्हती. फुस्स असा एक लांब, खोल आवाज सगळ्या मंगल कार्यालयात घुमला. मागच्या रांगेतले दोन म्हातारे गाडी लागली समजून पिशव्या घेऊन उठले. गुबूची छाती बसली, कान लवंडले, नाक आत गेले, आणि जरीच्या झबल्यात एक चमकदार घडी तेवढी उरली. बावन्न मुले एकदम गप्प झाली. मोहिनी मॅडमनी खुर्चीचा हात धरला.

साहेबांनी घाम पुसला. साहेब उगाच साहेब झाले नव्हते.

“वजन किती?” त्यांनी विचारले.

अनुसयाबाईंनी काट्याकडे पाहिले. “बारा आठशे, साहेब.”

“मघाशी किती होतं?”

“बारा आठशे.”

“मग?” साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. “एक ग्रॅमसुद्धा कमी झालेलं नाही. उंची मोजा.” परीक्षकांनी घडी आडवी पसरून मोजली. उंची दोन सेंटिमीटर वाढली होती. “बघा. वाढच आहे.”

“साहेब, त्याचा श्वास गेलाय!” मयुरी ओरडली.

साहेबांनी मोहिनी मॅडमकडे पाहिले. मॅडमनी ॲप वरून खालपर्यंत पाहिले. वजन, उंची, दंडाचा घेर, चेहरा.

“श्वासाचा रकाना नाही, साहेब,” त्या म्हणाल्या.

“नाही ना? मग पुढे चला. हार आणा.”

मयुरीच्या कडेवरून रिंकू खाली सरकली. तिला रकाने, हार, साहेब यांतले काही दिसत नव्हते. तिचा गुबू बसला होता. “गुबू!” म्हणत ती काट्यावर चढली, त्या घडीवर आडवी झाली, तिला मिठी मारली, गाल टेकवला आणि टक लावून समोर पाहू लागली. समोर अनुसयाबाईंचा मोबाइल होता. आयुष्यात पहिल्यांदा रिंकू ॲपसमोर हलली नाही, रडली नाही आणि तिने डोळे मिटले नाहीत. चौकट हिरवी झाली. जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के.

काट्यावर एकवीस किलो दोनशे होते.

मोबाइल ओरडायला लागला. पडदा लाल झाला: ‘अतिस्थूल बालक. तात्काळ दाखल करावे. नोंद जतन करायची?’

“थांबा! काही दाबू नका!” साहेब म्हणाले.

अनुसयाबाईंनी रिंकूच्या हाताच्या नसेकडे पाहिले. सहा महिने त्या दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी या घरी येत होत्या आणि सहा महिने त्या रिंकूकडे बघायचे टाळत होत्या. त्यांचा अंगठा खाली आला.

“दबून गेलं, साहेब.”

“काढा ते! काढून टाका!”

“काढायले दोनच कारणं आहेत, साहेब,” अनुसयाबाई नम्रपणे म्हणाल्या. “कोणचं टाकू?”

त्याच दुपारी रिंकूला पोषण कक्षात खाट मिळाली. लाल कार्डावर आहारविषयक सूचना छापून आली होती: रोजचा आहार निम्मा करावा, तूप-अंडे वर्ज्य, व्यायाम वाढवावा. परिचारिका नलूबाईंनी ती वाचली, मग रिंकूचा दंड आपल्या दोन बोटांत धरून पाहिला.

“त्या मोबाइलच्या डोळ्यात फूल पडलं काय?” त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी करून हलणाऱ्या खाटेच्या पायाखाली सरकवली. मऊ खिचडी आली, तिच्यावर तूप आले, सोबत अंडे आले. मयुरीने सवयीने चमचा उचलला आणि सवयीने खिचडीचा ससा करायला घेतला.

“ठेवा तो खाली. अन् तुमी तिकडे तोंड करा.”

“कुठे?”

“भिंतीकडे. लेकराच्या तोंडाकडे असं डोळे फाडून पाह्यलं त घास उतरते का? तुमाले कोणी असं पाह्यलं त तुमी जेवसान का?”

मयुरी भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीवर पोषणाचा तक्ता होता, म्हणून नलूबाईंनी तिला दुसऱ्या भिंतीकडे बसवले. ती दहा मिनिटे तिच्या आयुष्यातली सर्वांत लांब दहा मिनिटे होती. मागून आधी काहीच ऐकू आले नाही, मग ताटलीचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एक लहान, भरलेला, स्वच्छ ढेकर.

चौदाव्या दिवशी रिंकू नऊ किलो तीनशे ग्रॅम भरली. नऊशे ग्रॅम कमावून ती नलूबाईंच्या मागे ट्रे घेऊन फिरत होती. डॉक्टरांनी नोंद केली. ॲपने जुन्या वजनातून नवे वजन वजा केले, आणि चौदा दिवसांत अकरा किलो नऊशे ग्रॅम घट म्हणून फुलांचा पाऊस पाडला. त्याची वेगळी यशोगाथा झाली; तीही चारशे शब्दांची.

मयुरीने गुबूचे कान काढले, नाक काढले, तीट पुसली. तो आता पलंगाच्या पलीकडे चार सेकंद श्वास घेतो आणि चार सेकंद सोडतो, बाकी काही करत नाही. कार्यालयाचे एक पत्र येऊन पडले आहे. इतर तालुक्यांतल्या लाल कार्डाच्या बालकांसाठी याच नमुन्याचे एकेचाळीस नग, कानांसह, कधीपर्यंत देता येतील ते कळवावे. मयुरीने अजून उत्तर दिलेले नाही. पण एकेचाळीस घरांतून एकेचाळीस आयांचे फोन मात्र येऊन गेले आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच: हिरवा व्हायला किती दिवस लागतात?

गुबूचा फोटो पेपरात आला होता. हवा काढायच्या आधीचा, जरीचे झबले, गळ्यात हार. तुम्हीही तो पाहिलाच असेल. सकाळचा चहा घेत, समोर तुमचे मूल अर्धी पोळी टाकून पळायच्या बेतात असताना. तुम्ही पेपर त्याच्याकडे वळवलात, फोटोवर बोट ठेवलेत आणि म्हणालात, “बघ, कसं गुणी बाळ आहे.”

त्याने बघितले. त्याच्या मनात ती नोंद झाली आहे, आणि ती काढण्याची सोय तिथेही नाही.